पंधरा हजार दहा रुपये

मी एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल आहे. दिवसभर लोकांच्या नोटा मोजायच्या, संध्याकाळी रोकड जुळली की घरी जायचं. त्यामुळे रेडिओ-कंट्रोल गाड्यांच्या नादाला लागल्यावर पहिल्याच दिवशी मी त्याची वेगळी वही घातली, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नादाचं. दिवाळीच्या बोनसमधले १५,००० रुपये मी वहीच्या पहिल्या पानावर जमेच्या बाजूला लिहिले आणि खाली स्वतःलाच ताकीद दिली: यापुढे एक रुपया नाही.

सुरुवात भाऊबीजेची. भाच्यासाठी लक्ष्मी रोडवरून १,४५० रुपयांची रिमोटची गाडी आणली. लाल, चकचकीत, पुढे दिवे लागणारी. चौथ्या दिवशी तिचा मागचा दांडा मोडला. दुकानदार म्हणाला, "ताई, याचे पार्ट येत नाहीत. नवीन घ्या." भाचा तोवर क्रिकेटकडे वळलाही होता. पण त्या चार दिवसांत पार्किंगमध्ये गाडी त्याच्यापेक्षा मीच जास्त चालवली होती, आणि एक गोष्ट मला खटकत होती. रिमोट जरासा फिरवला काय किंवा पूर्ण फिरवला काय, चाकं एकदम टोकाला जायची. जरासं वळणं तिला माहीतच नव्हतं. खेळण्यातली गाडी आणि शर्यतीची गाडी यांतला पहिला फरक हाच, हे पुढे कळलं. शर्यतीच्या गाडीत सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर असते. तुम्ही बोट जितकं फिरवाल तितकंच चाक वळतं. दुसरा फरक दुकानदारानं सांगितलाच होता.

तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांची लग्नं सुरू झाली. डीपी रोडवर एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या रांगेत उभी असताना भिंतीपलीकडून मिक्सरसारखा आवाज येत होता. जाऊन बघते तर शेजारच्या लॉन्सच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सात-आठ जण हातात रिमोट घेऊन एका ओळीत उभे, आणि समोर पाण्याच्या बाटल्या मांडून केलेल्या वळणांतून हातभर लांबीच्या गाड्या सुसाट. मी शालूत अर्धा तास तिथंच उभी. नवऱ्याचे तीन फोन येऊन गेले.

तिथं साठीचे एक काका होते. त्यांच्या गाडीला सगळ्यात जास्त ओरखडे होते. त्यांना विचारलं, "काका, पहिली गाडी कुठली घेऊ?"

"इथं पाच जणांकडे जी आहे ती."

"म्हणजे सगळ्यांत चांगली ती का?"

"नाही हो. मोडली की पार्ट मिळेल ती."

या एका वाक्यानं माझे किती पैसे वाचले ते वहीत लिहिता येत नाही, कारण न झालेला खर्च लिहायला माझ्या वहीत रकाना नाही. घरी येऊन मी आठवडाभर वाचत बसले तेव्हा मन भलतीकडेच धावत होतं. एक-दशांश मापाची जपानी किट गाडी घ्यावी, स्वतः जोडावी, पॉलिकार्बोनेटची पारदर्शक बॉडी आतल्या बाजूनं रंगवावी. तामिया या जपानी कंपनीनं १९७६ साली पोर्शे ९३४ ची रेडिओ-कंट्रोल गाडी बाजारात आणली, तेव्हापासून जगभर कितीतरी लोक अशाच किटवरून या छंदात शिरले. पण किटची जाहिरातीतली किंमत ही गाडीची किंमत नसते. बहुतेक किटांत रिमोट, त्याचा इशारा पकडणारा रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर यातलं काहीच नसतं. त्यावर आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क: २०२० मध्ये ते २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. बेरीज केली आणि किटचा नाद सोडला.

डीपी रोडवरच्या पाच जणांकडे होती ती चिनी, एक-चौदांश मापाची, चारही चाकांना जोर देणारी बग्गी. साधी ब्रश मोटर, दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, आणि रिसीव्हर व मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी एकाच डबीत. जाणकार तिला नाकं मुरडतात. मुरडू देत.

मी ती जुनी घेतली. सिंहगड रोडवर राहणारा एक मुलगा एमएस करायला जर्मनीला निघाला होता आणि सामान विकत होता. पुण्यात दर उन्हाळ्यात हे चालतं. सायकली, गिटारी, कुकर, सगळं निघतं. त्यानं ८,००० सांगितले. काकांनी मला आधीच पढवून ठेवलं होतं: गाडी उचल, एकेक चाक बोटानं फिरव, खरखर आली तर बेअरिंग गेली. पुढची चाकं धरून हलव, किती खुळखुळतात बघ. पुढचं एक चाक धरून दुसरं फिरव, मध्येच कटकट आवाज आला तर डिफमधले, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या जोडणीतले दात गेले. स्क्रूंची डोकी बघ, गुळगुळीत झाली असतील तर आधीच्या मालकानं भलत्या पान्यानं उघडझाप केली आहे. आणि बॅटऱ्या सपाट टेबलावर ठेवून बघ.

बॅटऱ्या टेबलावर डुलल्या. दोन्ही फुगलेल्या. मुलगा म्हणाला, "काकू, चालतात अजून." मी म्हटलं, "चालू देत, तुम्ही ठेवा." फुगलेली लिपो म्हणजे आत वायू धरलेली पिशवी, ती फुकट मिळाली तरी महाग. बॅटऱ्यांशिवाय, एक बेअरिंग खरखरतं आहे हे दाखवून ६,५०० ला सौदा ठरला. मुलाच्या आईनं वर कोकम सरबत पाजलं.

आता बॅटरी आणि चार्जर. इथं मी घाबरत घाबरत शिकले, आणि तसंच शिकलेलं बरं. लिपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा म्हणतात, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ ला असतो. ३ च्या खाली उतरला की बिघडायला लागतो. दोन सेल म्हणजे भरल्यावर ८.४. दोन्ही सेल सारखे भरावेत म्हणून बॅलन्स करणारा चार्जर लागतो. २,२०० एमएएचची, म्हणजे २.२ अँपियर-तासांची बॅटरी २.२ अँपियरनं भरायची, घाई करायची नाही. आणि आठवडाभर वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. भरलेली तशीच ठेवली तर ती हळूहळू फुगते. आमच्या पतसंस्थेत रोकड रात्री किती ठेवायची याची मर्यादा असते, तसंच. माझ्या लगेच लक्षात राहिलं.

तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची तुळशीबाग. अरुंद दुकानं, काउंटरवर इंजिनिअरिंगच्या पोरांची झुंबड, आणि प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत प्रोजेक्ट चालवून दाखवायचा. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, मुलाच्या ड्रोनसाठी का?" मी म्हटलं, "माझ्या गाडीसाठी." तो लगेच सरळ झाला आणि दोन चांगले प्रश्न विचारले: बॅटरीची जागा किती मिलिमीटर आहे आणि कनेक्टर कुठला. पहिल्याचं उत्तर चिठ्ठीवर होतं, दुसऱ्याचं नव्हतं. दोन बॅटऱ्या ३,२०० रुपयांना, बॅलन्स चार्जर १,९०० ला, सोल्डरिंग आयर्न, तार आणि काही कनेक्टर मिळून ३५० ला. बोहरी आळीतून बारीक हेक्स पाने ४८० ला. स्वस्त पाने घेऊ नका. त्यांची टोकं दोन दिवसांत गोल होतात आणि मग स्क्रूची डोकी खातात.

घरी येऊन पाहते तर बॅटरीचा कनेक्टर एक आणि गाडीचा दुसरा. बदलायचा. नवऱ्याच्या पेटीतला कटर घेतला आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कापल्या.

फट्ट करून निळा उजेड झाला. कटरच्या पात्यावर तांदळाएवढा खड्डा. लाल आणि काळी वायर एकाच लोखंडी पात्यात सापडली म्हणजे शॉर्ट सर्किटच, ही गोष्ट दहावीच्या विज्ञानात मी पाठ केली होती. बॅटरी वाचली, माझ्या भुवया वाचल्या, कटर गेला. एका वेळी एकच वायर कापायची, तिचा कनेक्टर लावायचा, त्यावर नळी चढवायची, मगच दुसरीला हात लावायचा. आणि त्याहून शहाणपणाचं म्हणजे बॅटरीला हातच न लावता गाडीच्या बाजूचा कनेक्टर बदलायचा. त्यात वीज नसते.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ते घरात फुटेल का?"

"नाही आई. पण जपायला हवं."

मग त्यांनीच माळ्यावरून झिरपणारा जुना माठ काढून दिला. त्यात त्या गवती चहा लावणार होत्या. मी तळाला चार बोटं वाळू घातली, माठ बाल्कनीतल्या फरशीवर ठेवला, आणि तेव्हापासून बॅटऱ्या त्यातच असतात. चार्जिंगही त्याच्याजवळच, आणि मी घरात जागी असतानाच. लिपोच्या खास पिशव्या मिळतात, पण माठात माझा जीव जास्त रमतो.

पहिला महिना पार्किंगमध्ये सकाळी सहाला गाडी चालवायची. दोन कुंड्या दहा पावलांवर ठेवायच्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायचा. ऐकायला सोपं आहे. गाडी तुमच्यापासून लांब जात असते तेव्हा उजवं म्हणजे उजवं. वळून तुमच्याकडे यायला लागली की रिमोट उजवीकडे फिरवल्यावर ती तुमच्या डावीकडे जाते. डोक्याला हे कळतं, बोटांना कळत नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक परतीच्या वळणावर कुंडीत घुसले. एक तुळस कामी आली. काकांनी सांगितलं, "गाडीकडे बघू नकोस, गाडीत बस." म्हणजे चालकाच्या जागी आपण बसलोय असं मानायचं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बोटांना आपोआप कळलं. नक्की कुठल्या दिवशी ते मला सांगता येणार नाही.

त्याच महिन्यात गाडी पळालीही. चालवून झाल्यावर मी आधी रिमोट बंद केला. वाटलं, आता गाडी थांबली. रिमोट गेल्यावर माझ्या या जुन्या गाडीनं काय मनात आणलं कोण जाणे, ती सरळ निघाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या स्कूटरच्या स्टँडवर आदळली. क्रम असा: सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. मी हे कागदावर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवलं आहे. लोक हसतात.

त्या धडकेत पुढच्या चाकाला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा कप गेला. नवीन जोडी बाहेरून मागवली असती तर तीन-चार आठवडे लागले असते. मी डीपी रोडवरच्या मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला. रात्री नऊ वाजता वारज्याचा एक मुलगा म्हणाला, "माझ्याकडे दोन जोड्या आहेत, एक घेऊन जा, मागवशील तेव्हा परत दे." काकांचं पहिल्या दिवशीचं वाक्य मला त्या रात्री खऱ्या अर्थानं कळलं. त्या पाच जणांकडे मिळून एक फरसाणचा डबा आहे, त्यात सगळ्यांचे मोडके आणि जास्तीचे पार्ट. अर्ध्या मोडलेल्या दोन वस्तूंतून एक धड निघते. मी या वर्षात पार्टवर घातलेले १,१३० रुपये म्हणजे खरं तर त्या डब्यातली माझी वर्गणी.

मोटरच्या बाबतीत मात्र मला मोह झाला होता. ब्रशलेस मोटर टाकली की गाडी कशी उडते हे सगळेच सांगतात. पण वेग वाढला की धडक मोठी, धडक मोठी की पार्ट जास्त, आणि डिफपासून दांड्यापर्यंत सगळंच मागोमाग बदलायला लागतं. मी फक्त मोटरवरची छोटी दातेरी चकती, म्हणजे पिनियन, ठीक बसवायला शिकले. मोठ्या चकतीला ती फार घट्ट भिडली तर मोटर तापते, सैल राहिली तर दात खाते. दोघींच्या मध्ये कागदाची पट्टी घालून दाबायचं, मोटरचे स्क्रू आवळायचे, मग चाक फिरवून पट्टी काढून घ्यायची. पट्टीवर नागमोडी छाप पडली पाहिजे, पण ती फाटता कामा नये. आमची जुन्या छपाईची भरणा पावती याला अगदी योग्य जाडीची निघाली. रद्दीतली हो, चालू नाही. पाच मिनिटं चालवून झाल्यावर मोटरवर बोट ठेवायचं. तीन-चार सेकंद ठेवता आलं तर ठीक.

पावसाळ्यात सगळं बंद. पाणी रिसीव्हरला मानवत नाही आणि बेअरिंग गंजतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली काय ते आठ काढायचे.

जून ते ऑगस्ट मी आणखी एक काम केलं, ते फुकटातलं सगळ्यात मोठं शिक्षण. या मंडळींना एका मोठ्या शेडची जागा मिळाली की ते आपसात शर्यत लावायचे आणि फेऱ्या मोजायला माणूस नसायचा. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक गाडीत ट्रान्सपॉन्डर असतो, ट्रॅकखालच्या तारेवरून गाडी गेली की संगणकात फेरी पडते. ती सगळी यंत्रणा आमच्या खिशाबाहेरची. काका म्हणाले, "तू रोखपाल ना? बस." मी खुर्ची टाकून बसले आणि चार उभ्या, एक आडवी अशा रेघा मारत राहिले.

इथं खेळ समजला. शर्यत अंतराची नसते, वेळेची असते: पाच मिनिटांत कोण जास्त फेऱ्या काढतो. पाच मिनिटं संपली की चालू फेरी पूर्ण करायची. आता हिशेब बघा. एक जण १८ सेकंदांत एक फेरी, पण कुठं आपटत नाही. त्याच्या १७ फेऱ्या होतात, ५ मिनिटं ६ सेकंदांत. दुसरा १७ सेकंदांत फेरी मारतो, पण तीनदा पलटी होतो आणि दर वेळी मार्शल येऊन सरळ करेपर्यंत दहा सेकंद जातात. त्याच्या १६ च. फेरीमागे एक सेकंद वेगवान असूनही हरला. मी हे तीन महिने दर रविवारी कागदावर बघत होते. सगळ्यात वेगवान मुलगा कधीच पहिला आला नाही. त्याला दाखवलं तर म्हणाला, "आत्या, पण मजा तर मलाच आली ना." भाचा एकदा सोबत आला होता, तेव्हापासून मी सगळ्यांचीच आत्या.

आणि मग पितृपंधरवडा आला. या दिवसांत लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. डीपी रोडवरची कार्यालयं रिकामी, मालक घासाघीस ऐकून घेतात. गणपती नुकतेच गेलेले, मंडपवाल्याकडे हिरव्या-लाल जाजमांचे गठ्ठे परत आलेले. आमच्यातल्या एकाचा मेहुणा मंडपवाला. त्यानं जाजमं दिली, अट एकच: गुलाल निघाला तर तक्रार नको. हॉलभर जाजमं पसरली, कडा चिकटपट्टीनं बसवल्या, बागेतल्या पाइपांची वळणं केली. शर्यतीची प्रवेश फी ३०० रुपये.

जाजमावर पकड इतकी की माझी गाडी पहिल्याच वळणावर लोळली. पार्किंगच्या ब्लॉकवर ती घसरत वळायची. इथं चाकं चिकटतात आणि अंग पुढे जातं. दर वळणाला पलटी. काकांनी खिशातून फेविक्विक काढलं आणि टायरच्या बाहेरच्या कडेला त्याचा पातळ थर फिरवला. रबर तिथं कडक झालं की कडेची पकड कमी होते आणि गाडी लोळण्याऐवजी सरकते. दहा रुपयांची ट्यूब. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरच्या चकत्या काढून गाडी जमिनीजवळ आणली. काका सांगत होते, त्यांच्या तरुणपणी रिमोटला फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असायचे. दोघांचा नंबर एकच आला तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी भरकटायची. म्हणून क्रिस्टलच्या नंबराचा चिमटा फळीवरून उचलून आपल्या रिमोटला लावायचा, आणि चिमटा हातात नसेल त्यानं रिमोट चालूच करायचा नाही. आता २.४ गिगाहर्ट्झवर ती कटकट नाही. पण हे ते सांगत असताना माझी हीट, म्हणजे प्राथमिक शर्यत, सुरू व्हायची वेळ झाली होती आणि माझं मागचं एक चाक अजून हातात होतं.

तीन हीट, मग अंतिम. आपली हीट झाली की पुढच्या हीटला आपणच मार्शल, हा नियम. वळणावर उभं राहायचं, पलटी झालेली गाडी सरळ करायची, आणि दुसऱ्या गाड्यांच्या वाटेत पाय ठेवायचा नाही. मार्शलचं काम चालवण्याहून अवघड वाटलं. एकदा ओढणी गाडीत अडकली, तेव्हापासून कमरेला खोचते.

पहिल्या हीटमध्ये माझ्या ११ फेऱ्या. दुसरीत १३. तिसरीत वेग मुद्दाम कमी केला, रेघा आठवल्या, १५. अंतिम शर्यतीत माझे हात इतके कापत होते की सरळ वाटेवरही गाडी नागमोडी चालली होती. चौथ्या मिनिटाला माझ्या पुढचा मुलगा पाइपवर चढला. मी गेले पुढे. खरं सांगते, मागे वळून बघितलं.

रात्री घरी येऊन वही काढली. खेळणं १,४५०, गाडी ६,५००, बॅटऱ्या ३,२००, चार्जर १,९००, पाने ४८०, सोल्डरचं सामान ३५०, पार्ट १,१३०. बेरीज १५,०१०. फेविक्विकची ट्यूब काकांची, ती धरलेली नाही. प्रवेश फी नवऱ्यानं त्याच्या खिशातून भरली होती, तीही नाही. नवीन कटरचं मी अजून कुणाला बोललेले नाही. तरी दहा रुपये जास्तच. पतसंस्थेत दहा रुपये जुळले नाहीत तर मी रात्री आठपर्यंत बसते.

बॅटऱ्या ३.८ वर आणून माठात ठेवत होते तेवढ्यात सासूबाई आल्या.

"कितवा नंबर?"

"पाचवा."

"किती जण होते?"

"सहा. सहाव्याची गाडी मध्येच बंद पडली."

त्यांनी माठात डोकावून पाहिलं. "हे तुझं शर्यतीचं आता कायमचंच दिसतंय," म्हणाल्या. "मग मला गवती चहाला दुसरी कुंडी आणून दे."